आखाजीचं मूळ आणि पिवळा दिवा

भाईदास सरांच्या गाडीत पिवळा दिवा लागला तेव्हा आखाजीला बरोबर नऊ दिवस उरले होते. सर आणि सुलक्षणाबाई कैऱ्या घेऊन बाजारातून परतत होते आणि स्टिअरिंगमागच्या काचेत एक गोल, गोलाच्या दोन्ही बाजूंना कंस आणि आत एबीएस अशी अक्षरं उजळली. सरांनी जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेलं. दिवा लागला की तो का लागला हे आपल्याला कळलंच पाहिजे, अशी त्यांची स्वतःवरच सक्ती होती. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली, दहा आकडे मोजले आणि पुन्हा चालू केली. दिवा पुन्हा लागला.

"हा कसला दिवा?" सुलक्षणाबाईंनी विचारलं. तो नेहमीच असतो, असं सर म्हणाले. काल नव्हता, असं बाई म्हणाल्या. 

दिव्याचं पुढे बरंच येणार आहे, म्हणून आधी आखाजीचं सांगितलं पाहिजे. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात आणि ती लेकीबाळींची असते. माहेरचं माणूस मूळ म्हणून सासरी जातं आणि बहिणीला सोबत घेऊन येतं. मग झोके, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि जुन्या भांडणांची उजळणी. बहीण विशीतली असो की पंचाहत्तरी ओलांडलेली, मूळ आल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. सरांची थोरली बहीण भिकुबाई अक्का पिंपळनेरला दिलेली, वय शहात्तर. स्वतःचं लग्न होईपर्यंत तिनेच सरांना कडेवर वागवलेलं.

तीन वर्षांपूर्वी सरांनी बोर्डाच्या पेपर तपासणीचं कारण सांगितलं आणि स्वतः न जाता भाड्याची जीप पाठवली. अक्काने ड्रायव्हरला पोटभर जेवू घातलं, वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि जीप रिकामीच परत लावून दिली. पुढच्या वर्षी तिने मूळ पाठवू नको म्हणून निरोप दिला. मग सरही रुसले. त्याच्याही पुढचं वर्ष दोघांनी एकमेकांच्या फोनची वाट पाहण्यात घालवलं. यंदा मात्र अक्काची सून ममता हिचा फोन आला. मामा, तुम्ही स्वतः आलात तर सासूबाई येतील, पण हे मी सांगितलं असं सांगू नका, आता त्यांचं वय झालंय, पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं.  सर लगेच म्हणाले, "मी गाडी घेऊन येतो."

गाडी कुणी मागितली नव्हती. पण सरांनी दिवाळीत धुळ्याच्या गोपालशेठकडून ती वापरलेली गाडी घेतली होती आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक वाक्यात ती कुठूनतरी यायचीच.

सुलक्षणाबाईंनी निकाल त्याच संध्याकाळी दिला. ब्रेकचा दिवा लागलेल्या गाडीत अक्कांना बसवायचं नाही. सरांनी त्यांना समजावून सांगितलं की साधा ब्रेक शाबूत आहे. जोरात ब्रेक दाबला तर चाक जागच्या जागी जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून एक व्हॉल्व्ह सेकंदाला कितीतरी वेळा तेलाचा दाब सोडतो आणि धरतो, एवढीच त्या एबीएसची कामगिरी. सरांनी फुलपात्र आणि लाटणं घेऊन प्रात्यक्षिकही दाखवलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ब्रेकच ना?" आणि लाटणं परत मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडं दिसताच कॉलनी जमली. आमच्या जळगावात एखाद्याने बॉनेट उघडलं की शेजाऱ्याला घरात बसवत नाही. त्यात पुढाकार उखर्डूआप्पांचा. आप्पा एसटी डेपोच्या भांडारातून निवृत्त झालेले. ब्रेकचा प्रत्येक सुटा भाग त्यांनी फळीवर ठेवलेला पाहिला होता, गाडीत बसवलेला एकही पाहिला नव्हता. त्यांनी डोकं आत घालून बराच वेळ निरीक्षण केलं आणि बल्ब काढून टाका, असा सल्ला दिला. दिवा गेला की तक्रार गेली, त्यांच्या डेपोत असंच करायचे. समोरच्या कामिनीवहिनींनी सांगितलं की त्यांच्या सुरतच्या भावाच्या गाडीत अगदी हाच दिवा लागला होता. त्याने काय केलं, असं सरांनी मोठ्या आशेने विचारलं. त्याने गाडी विकली. एकाने टायरमधली हवा बदलायला सांगितली. हवा कमी की जास्त असं विचारल्यावर तो म्हणाला, नुसती बदलायची.

सरांनी ही सगळी अवैज्ञानिक मंडळी मागे सोडली आणि शहरातलं एक मोठं वर्कशॉप गाठलं. तिथे थंडगार काचेच्या खोलीत एका नम्र मुलीने गाडीचा नंबर घेतला आणि ओटीपी सांगा म्हणाली. सरांच्या फोनवर ओटीपी आला नाही. येणार कसा? गाडी सरांच्या नावावर करायचे कागद दिवाळीपासून कुठल्यातरी सरकारी टेबलावर विश्रांती घेत होते, त्यामुळे कॉम्प्युटरच्या दृष्टीने गाडीचे मालक अजून गोपालशेठच होते. सरांनी धुळ्याला फोन लावला. गोपालशेठ दुपारचे झोपलेले. ते उठेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा ओटीपी आला तेव्हा त्यांना चष्मा सापडेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी आकडे बरोबर सांगितले, पण ते आदल्या ओटीपीचे. साडेचारला एकदाचं जमलं तेव्हा गोपालशेठ म्हणाले, "सर, गाडी विकून मी मोकळा झालो असं समजत होतो."

वर्कशॉपच्या मशीनने दोन मिनिटांत निदान केलं. पुढच्या डाव्या चाकाचा इनलेट व्हॉल्व्ह, सर्किटमध्ये दोष. व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही, अख्खं युनिट बदलावं लागेल, ते पुण्याहून येईल, पंधरा दिवस धरा. आखाजीला सात दिवस राहिले होते. सरांनी निदानाचा छापील कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचार करत घरी आले.

विचार असा होता. व्हॉल्व्ह म्हणजे अखेर तारेचं वेटोळं. वेटोळ्याचा रोध मोजता येतो. रोध बरोबर असेल तर व्हॉल्व्ह जिवंत, मग दोष बाहेर कुठेतरी, आणि तो दुरुस्त होऊ शकतो. हा विचार अगदी बरोबर होता, हे सरांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यासाठी लागणारा मल्टिमीटर कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. तिथे आता सरांचीच विद्यार्थिनी रोहिणी मॅडम प्रमुख होती. तिने सरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मल्टिमीटरचं नाव काढताच संकोचून कपाटाकडे पाहिलं. कपाटावर सूचना होती. कोणतेही साहित्य कोणत्याही कारणास्तव प्रयोगशाळेबाहेर नेता येणार नाही, विनंती करून स्वतःचा व इतरांचा वेळ वाया घालवू नये. खाली सरांची सही. सरांनी सूचना पूर्ण वाचली. भाषा जरा कडक आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

रोहिणी हुशार, तिने तोड काढली. साहित्य बाहेर जात नसेल तर गाडी आत येऊ दे. अशा रीतीने शुक्रवारी सकाळी सरांची गाडी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहिली आणि सुट्टीतही कामावर असलेला कॉलेजचा सगळा कारकून वर्ग भोवती उभा राहिला. एबीएसच्या युनिटला एक मोठा काळा प्लग असतो. तो काढला की आतल्या पिनांवर मीटर लावायचा. सरांनी प्लग ओढला. तो निघेना. त्याची एक कडी आधी उचलावी लागते, हे सरांना ठाऊक नव्हतं आणि विचारण्याची त्यांची तयारी नव्हती. तो प्लग त्या दिवशी निघाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. सरांनी मोर्चा शेजारच्या फ्यूजच्या डबीकडे वळवला आणि मीटरची दोन्ही टोकं आत्मविश्वासाने टेकवली.

हॉर्न सुरू झाला. गाडी चोरीला जाताना वाजावा म्हणून जो हॉर्न असतो तो, आणि तो तब्बल बावीस मिनिटं वाजला. किल्ली फिरवून थांबला नाही, दारं लावून थांबला नाही, सरांनी "थांब रे" म्हटल्यावर अर्थातच थांबला नाही. प्राचार्य बाहेर आले. शेवटी शिपायाने बॅटरीची तार उपटली. त्या शांततेत सरांनी जाहीर केलं की व्हॉल्व्ह मेला आहे. हे त्यांनी कुठल्या आकड्यावरून ठरवलं, हे रोहिणीने विचारलं नाही. मुलगी चांगल्या घरची.

घरी सुलक्षणाबाईंना सगळं आधीच कळलेलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या की अक्कांना फोन करून सांगा, गाडी बिघडली. सर एकदम चिडले. गाडी बिघडली हे अक्काला जीपच्या कारणासारखंच वाटेल, पुन्हा एक सबब. ती नुसतं बरी शे, म्हणजे बरी आहे, एवढं म्हणेल आणि फोन ममताकडे देईल. ते "बरी शे" सरांना पुन्हा ऐकवणार नव्हतं. 

मार्ग शेवटी गोपालशेठनीच दाखवला. आणखी ओटीपी सांगण्यापेक्षा त्यांनी धुळ्याचा आपला जुना मेकॅनिक धर्मेंद्र याचं नाव सांगितलं, गाडी त्याच्या हाताखालची आहे म्हणाले. धर्मेंद्र लग्नसराईत अडकलेला, त्याला वेळ होता तो नेमका आखाजीच्या आदल्या दिवशीचा. मग बेत असा ठरला की पहाटे निघायचं, धुळ्याला अकरापर्यंत दुरुस्ती, तिथून पिंपळनेर, आणि अक्काला घेऊन संध्याकाळी परत. ब्रेकचा दिवा लागलेल्या गाडीत एकट्याने जाऊ नये म्हणून उखर्डूआप्पा शेजारी बसले. समोर काहीही आलं, अगदी कुत्रं जरी आलं, की आप्पा दोन्ही पाय पुढे रेटून आपल्या बाजूचा ब्रेक दाबत. एरंडोलच्या अलीकडे कडबा भरलेला ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून गेला. ट्रॅक्टरवाल्याने काही मदत हवी का, असं हाताने विचारलंसुद्धा. सरांनी मान ताठ ठेवली.

धर्मेंद्र चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याने छापील निदान वाचलं नाही, सरांचं व्याख्यान अर्धं ऐकलं आणि बोटाने कडी उचलून प्लग अलगद काढला. आत पाहिलं. मग नखाने थोडं खरवडलं, नाकाशी नेलं, आणि जिभेच्या टोकावर ठेवलं. आप्पा दचकले.

"सर, हाई बिबडं शे," धर्मेंद्र म्हणाला.

आता बिबड्यांचं सांगणं आलं. दिवा लागल्यापासून सरांनी त्यांचं नावही काढलं नव्हतं, म्हणून आम्हीही गप्प होतो. ज्वारी भिजवून, दळून, लसूण, तीळ, मीठ घालून शिजवतात आणि ओल्या कापडावर थापून कडक उन्हात वाळवतात ते बिबडे. चैत्रात सुलक्षणाबाईंची गच्ची भरून गेली तेव्हा सर थर्मामीटर घेऊन खाली उतरले. त्यांनी गाडीच्या बॉनेटचं तापमान मोजलं, गुणाकार केला आणि कॉलनीतल्या बायांना बोलावून सांगितलं की इथे बिबडे निम्म्या वेळात वाळतील. सुलक्षणाबाई नको म्हणाल्या होत्या. सरांनी त्यांना सौरऊर्जेवर दहा मिनिटं ऐकवलं होतं. चार दिवस गाडीवर ओली लुगडी पसरली गेली, आणि त्यांचं खारट, चिकट पाणी काचेखालच्या फटीतून थेंब थेंब आत गेलं. प्लगचं रबर आधीपासून गायब होतं. पाणी पिनांपर्यंत पोचलं, वाळलं आणि त्याने पिना खाल्ल्या.

व्हॉल्व्ह ठणठणीत होता. धर्मेंद्रने ब्रशने पिना साफ करायला घेतल्या. तीन साफ झाल्या, चौथी मोडून त्याच्या हातात आली. प्लग नवा लागेल, नाशिकहून उद्या दुपारी येईल, आणि तारा सोडल्यामुळे तोवर गाडी हलवता येणार नाही.

सर एका जुन्या टायरवर बसले. आयुष्यात इतकं सोपं त्यांना कधी काही कळलं नव्हतं. उद्या आखाजी. अक्का आज ओट्यावर येऊन बसली असेल, संध्याकाळी उठून आत जाईल, आणि पुन्हा कधी बाहेर येऊन बसणार नाही. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने, थर्मामीटर लावून केलं होतं. चष्मा पुसायला म्हणून त्यांनी रुमाल काढला आणि डोळेच पुसले.

उखर्डूआप्पांनी ते पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "सर, पिंपळनेरची गाडी बाराला लागते. धुळे डेपो, फलाटाच्या पश्चिमेला. मी इथे थांबतो, तुम्ही निघा." नऊ दिवसांत मिळालेला हा पहिला उपयोगी सल्ला होता. सर उठून चालायला लागले, धर्मेंद्रने बघायला दिलेला मोडक्या पिनचा प्लग हातातच राहिला, तो त्यांनी आपल्या पिशवीत टाकला.

एसटीची लाल गाडी अडीचला पिंपळनेरला पोचली. स्टँडपासून गल्लीपर्यंत सर उन्हातून चालत गेले. गल्लीत शिरले आणि त्यांचे पाय थबकले. अक्काच्या घरापुढची बाज हलवलेली होती, बैलगाडी पलीकडे लावलेली होती, आणि मोकळ्या झालेल्या जागेत सडा टाकलेला होता. गाडी उभी करायला. आजूबाजूच्या ओट्यांवर माणसं बसली होती. ती सरांकडे बघत नव्हती, त्यांच्या मागे बघत होती. अक्का दारात, नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन. सर त्या ओल्या जागेच्या मधोमध जाऊन उभे राहिले. घामाने शर्ट चिकटलेला, हाताला ग्रीस.

"गाडी कोठे शे?" शेजारच्या भागाबाईने सगळ्यांच्या वतीने विचारलं.

सरांनी तोंड उघडलं.  तेवढ्यात अक्का उठली.

"गाडी मीच नको सांगी," ती भागाबाईला म्हणाली. "माले गाडीमा उलटी व्हस. लाल गाडीमा तिकीट बी नही." मग तिने सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. "चाल बापू. पाणी पी आन चाल."

ममताने पाण्याबरोबर जेवणही वाढलं, आणि जेवताना हळूच सांगितलं की सासूबाईंनी आठ दिवस अख्ख्या गल्लीला सांगितलंय, माझा भाऊ मला गाडीतून न्यायला येणार आहे. उलटीचं तिने आजच पहिल्यांदा ऐकलं. 

चारच्या गाडीत अक्काला खिडकी मिळाली, सर तिच्या शेजारी, नेमके पुढे दांडी नसलेल्या जागेवर. साक्री येईपर्यंत दोघं पावसापाण्याचं बोलले. मग अक्काने सरांच्या पिशवीतल्या काळ्या वस्तूकडे बोट दाखवून विचारलं, ते काय आहे. सरांनी सांगायला सुरुवात केली. पिवळा दिवा, गोपालशेठचा चष्मा, कपाटावरची सही, बावीस मिनिटं वाजलेला हॉर्न, नखावरचं बिबडं, सगळं. नऊ दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मध्ये सल्ला न देता ऐकत होतं. सर जीपपर्यंतही आले. पेपर तपासायचे खरंच होते, पण एक दिवस सुट्टी मिळाली असती, मी मागितली नाही, हे त्यांनी सांगून टाकलं. 

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "मंग बिबडा वाळनात का?"

"वाळले. निम्म्या वेळात."

"मंग काय," अक्का म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

नेरच्या पुढे रस्त्यात अचानक शेळ्या आल्या. ड्रायव्हरने ब्रेकवर उभं राहून ब्रेक मारला. चाकं जाम झाली, गाडी कर्कश ओरडत घसरत गेली, वरच्या फळीवरून कोणाची तरी आंब्याची पाटी खाली आली. सरांनी धरायला दांडी शोधली, ती नव्हतीच. पण ते पुढे गेले नाहीत. त्यांच्या छातीवर एक हाडकुळा हात आडवा पडला होता, बांगड्या शर्टात रुतल्या होत्या. गाडी थांबली. अक्का दुसऱ्या हाताचं बोट ड्रायव्हरकडे करून त्याला गाडी कुणी शिकवली याची खडसावून चौकशी करत होती, आणि तिचा हा हात मात्र जागचा हलला नव्हता.

आंबे वेचणारी माणसं बघत होती. सर हळू आवाजात म्हणाले, "अक्का, मी साठ वर्षांचा शे."

"मंग नीट बस," अक्का म्हणाली.

हात तिने धुळे येईपर्यंत काढला नाही, आणि सरांनीही तिला काढायला सांगितलं नाही.